कारचे सस्पेन्शन बुश: गेलेत हे कसं ओळखायचं, कुठले टाकायचे आणि बसवताना काय बघायचं? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

गाडी थोडी जुनी झाली की खालून कटकट यायला लागते, मग कुणी म्हणतं शॉकअप गेले, कुणी म्हणतं स्टीअरिंगचा रॅक गेला, आणि बऱ्याच वेळा निघतो तो बुश. त्यावर नेहमी येणारे प्रश्न इथं एकत्र केलेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर बोल्ट कधी आवळायचे ते सांगणारा "नवीन बुश टाकले आणि वर्षाच्या आत परत फाटले" हा प्रश्न तेवढा नक्की वाचा, नवीन टाकलेले बुश लवकर जाण्याचं मोठं कारण तिथं आहे.

बुश म्हणजे नक्की काय आणि तो असतो कुठं?

एक बाहेरची लोखंडी नळी, एक आतली नळी आणि मध्ये रबर. हे रबर नुसतं कोंबलेलं नसतं, कारखान्यात उष्णता आणि दाब देऊन नळ्यांना पक्कं चिकटवलेलं असतं. बाहेरची नळी आर्ममध्ये, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यात, प्रेस करून बसते, आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि तो सबफ्रेमला, म्हणजे गाडीखालच्या चौकटीला, आवळला जातो. चाक वर-खाली झालं की आर्म हलतो पण आतली नळी जागच्या जागी घट्ट असते, त्यामुळे मधलं रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. इथं काही घासत नाही, काही गरगर फिरत नाही, सगळी हालचाल रबराच्या ताणातून होते. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

जागा म्हणाल तर पुढच्या प्रत्येक लोअर आर्मला दोन, एक पुढचा बारका आणि एक मागचा मोठा. स्टॅबिलायझर बारला, म्हणजे वळणावर गाडी जास्त कलू नये म्हणून दोन्ही बाजू जोडणाऱ्या आडव्या दांड्याला, दोन डी-बुश. शॉकअपच्या टोकाला. मागच्या अ‍ॅक्सलला दोन मोठे. बोलेरोसारख्या पाटेवाल्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत पाट्यांच्या टोकांना आणि शॅकलला, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या पट्टीला. गॅरेजमध्ये कुणी सायलेंट बुश म्हणतं, कुणी नुसतं रबर म्हणतं, दुकानात दोन्ही चालतं.

सोलापुरात बुश लवकर जातात असं म्हणतात, खरं आहे का?

आकडा देऊन सांगता येणार नाही पण कारणं बघितली तर पटण्यासारखं आहे. रबराचे दोन शत्रू, उष्णता आणि हवेतला ओझोन. उष्णतेनं रबर हळूहळू कडक होतं, ओझोननं त्याला बारीक भेगा पडतात. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढं जातो, त्यात डांबराची धग खालून येते, इंजिन आणि सायलेन्सरची वरून. दिवसभर उन्हात उभी असणाऱ्या गाडीचं रबर सावलीतल्या गाडीपेक्षा लवकर म्हातारं होणारच.

दुसरं म्हणजे आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तडकते, आणि तिच्यावर केलेला रस्ता पक्का असला तरी काही वर्षांत त्याला लाटा येतात. पुणे-हैदराबाद हायवेवर हे कमी जाणवतं कारण तिथं भराव नीट केलेला असतो, पण हायवे सोडून मंगळवेढा, पंढरपूर, बार्शीकडच्या आतल्या गावांत शिरलात की गाडी सतत वर-खाली होत राहते. त्यात ऊस गाळपाच्या हंगामात डबल ट्रॉलीवाले ट्रॅक्टर रस्त्याच्या कडा आणि वळणं उखडून टाकतात. लाटांवर बुश पिळला जातो, खड्ड्यात मात्र चाकाला समोरून धक्का बसतो आणि तो धक्का लोअर आर्मचा मागचा मोठा बुश झेलतो, म्हणून बहुतेक गाड्यांत पहिल्यांदा तोच फाटतो.

आणि तिसरं कारण आपणच. लग्नसराईत सात सीटच्या गाडीत नऊ-दहा जण, डिकीत आहेर, टपावर सामान, आणि तसंच तुळजापूर करून यायचं. लोड वाढला की बुश आधीच दबलेला असतो, वरचा प्रत्येक धक्का त्याला जास्तीचा.

आवाजावरून कसं ओळखायचं?

बारक्या बारक्या खड्ड्यांवर, कमी स्पीडला, खडखड-खडखड असा हलका आवाज सतत येत असेल तर आधी लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला सस्पेन्शनशी जोडणारी छोटी दांडी) बघा, बुशपेक्षा तो जास्त वेळा निघतो आणि बदलायला सोपा असतो. एकच जाड ठक असा आवाज ब्रेक दाबताना किंवा रिव्हर्सवरून पुढं घेताना येत असेल तर लोअर आर्मचा बुश. स्टीअरिंग जागेवर फिरवताना कट्ट आवाज आणि स्प्रिंग उडी मारल्यासारखं वाटत असेल तर स्ट्रटचं (स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीचं) वरचं माउंट किंवा त्याचं बेअरिंग. स्पीडब्रेकरवर करकर, चुंई असा सुका आवाज येत असेल तर डी-बुश सुकलेत, आणि पावसात तो आवाज दोन दिवस गायब होतो हे त्याचं ठरलेलं लक्षण. मागून डब्बा वाजल्यासारखं होत असेल तर आधी डिकीतला जॅक, स्टेपनी आणि पार्सल ट्रे तपासा, मग शॉकअपचे बुश.

आवाज गाडीच्या पत्र्यातून फिरतो, डावीकडचा उजवीकडून आल्यासारखा वाटतो. म्हणून नुसत्या आवाजावरून पार्ट मागवू नका, गाडी वर घेऊन बघितल्याशिवाय खात्री नाही.

आवाज काहीच नाही, पण गाडी हायवेला पोहते असं वाटतं. त्यात बुशचा संबंध असू शकतो?

हो, आणि खरं तर हीच बाजू जास्त महत्त्वाची आहे, लोक आवाजाच्या मागं लागतात आणि हे राहून जातं. बुशचं काम नुसतं धक्के खाण्याचं नाही, चाक ज्या कोनात ठरवलंय त्या कोनात धरून ठेवणं हेही त्याचंच काम. रबर फाटलं की ब्रेक दाबल्यावर ते चाक थोडं मागं सरकतं, टो (वरून बघितलं तर चाकाचं तोंड किती आत-बाहेर वळलंय ते) बदलतो, आणि गाडी एका बाजूला ओढली जाते. अ‍ॅक्सिलरेटर दिला की एका बाजूला आणि सोडला की दुसऱ्या बाजूला, असं होत असेल तर संशय जवळजवळ पक्काच समजा. पुण्याला जाताना सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग सारखं बारीक बारीक सावरावं लागतंय, ट्रक शेजारून गेला की गाडी डुलते, अलाइनमेंट करून महिना झाला नाही तोवर परत बिघडलं, टायर आतल्या कडेनं खाल्लाय, या सगळ्यामागं बुश असू शकतो. टायरचं प्रेशर आणि टायर स्वतः आधी तपासा, ते फुकटात होतं.

बुश गेलेला असताना केलेलं अलाइनमेंट टिकत नाही. मशीनवर गाडी उभी असताना आकडे हिरवे दिसतात, कारण उभ्या गाडीत चाक सरकत नाही. रस्त्यावर ब्रेक मारला की गेलं ते. म्हणून अलाइनमेंटवाला दर वेळी "झालं साहेब" म्हणतो आणि टायर खायचा तसा खातोच.

गॅरेजला न जाता घरी तपासता येतं का?

बऱ्यापैकी येतं. मोकळं, सपाट मैदान बघा. एकानं गाडीत बसायचं, काच खाली, पहिल्या गिअरला एकदम हळू पुढं घेऊन ब्रेक, मग रिव्हर्सला हळू मागं घेऊन ब्रेक, असं चार-पाच वेळा. दुसऱ्यानं बाजूला सुरक्षित अंतरावर उभं राहून पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट बघायची. समोर उभं राहायचं नाही, कृपा करून. थोडं सरकणं सगळ्याच गाड्यांत असतं कारण रबर आहे, पण चाक दिसण्याइतकं पुढं-मागं जात असेल आणि ठक आवाज येत असेल तर बुश गेला. दोन्ही बाजू बघा आणि तुलना करा.

गाडी वर घेतली तर टॉर्चनं बुश नीट बघता येतो आणि टॉमी (लोखंडी पहार) लावून आर्म हलवून बघता येतो. रबर नळीपासून सुटलेलं असेल तर टॉमीच्या हलक्या दाबानंही आर्म सरकतो. पण नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, कितीही घाई असू दे. खाली भक्कम स्टँड किंवा घोडी हवी, जमीन पक्की हवी, मातीत जॅक रुततो. नसेल तर सरळ एखाद्या गॅरेजच्या रॅम्पवर किंवा खड्ड्यावर गाडी घ्या आणि स्वतः खाली जाऊन बघा. चांगला मिस्त्री दाखवायला कधी नाही म्हणत नाही.

रबरावर भेगा दिसतायत, म्हणजे बदलायचाच का?

लगेच नाही. वरवरच्या केसासारख्या भेगा चार-पाच वर्षांच्या कुठल्याही गाडीत दिसतील, त्यानं काही बिघडत नाही. बदलायचं कधी, तर भेग खोल गेली असेल आणि टॉमी लावल्यावर उघडत असेल, रबर नळीपासून सुटलं असेल, आतली नळी मध्यावर न राहता एका बाजूला बसली असेल, किंवा रबराचा भुगा आजूबाजूला दिसत असेल तर. एक गोष्ट मात्र इथं गोंधळ करते: काही बुशमध्ये कंपनीनं मुद्दाम मोठ्या चिरा, पोकळ्या ठेवलेल्या असतात म्हणजे एका दिशेनं बुश मऊ राहावा. त्या फाटलेल्या नसतात. कडा गुळगुळीत आणि दोन्ही बाजूला सारख्या असतील तर त्या कारखान्यातल्याच. आणि काही महागड्या गाड्यांत बुशच्या आत द्रव भरलेला असतो, तो गळून काळा डाग दिसला की तो बुश संपला, त्यात दुरुस्ती नाही.

किती किलोमीटरला बदलायचे?

ठराविक आकडा नाही. हायवेला चालणारी टॅक्सी लाखभर सहज काढते आणि गावातल्या रस्त्यांवर चालणारी तीच गाडी त्याच्या निम्म्यात मागते. साधारण ४०-५० हजारांनंतर दर सर्व्हिसला बघायला सांगा, आणि गाडी कमी चालली असली तरी सात-आठ वर्षांची असेल तर बघाच, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

तसंच चालवत राहिलं तर काय होईल?

आवाज थोडा आहे आणि फक्त गावात फिरता, तर थोडे दिवस निघतात. पण टायर आतून खातोय आणि दोन टायरची किंमत बुशपेक्षा कितीतरी जास्त आहे हे विसरू नका. बॉल जॉइंटवरही, म्हणजे आर्मच्या चाकाकडच्या टोकाला असणाऱ्या फिरत्या सांध्यावरही, जास्तीचा ताण येतो. रबर पूर्ण निघून लोखंडावर लोखंड आपटत असेल किंवा ब्रेकला गाडी ओढत असेल तर मात्र ती गाडी हायवेला काढू नका. घरची माणसं घेऊन ८०-१०० च्या स्पीडला जाताना समोर अचानक उसाची ट्रॉली आली आणि ब्रेक मारल्यावर गाडी सरळ थांबली नाही, तर काय होईल ते सांगायला नको.

नुसता बुश टाकायचा की अख्खा लोअर आर्मच?

आधी बॉल जॉइंट बघा. तो पण ढिला असेल किंवा त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस गेलं असेल आणि तुमच्या गाडीत तो आर्मलाच जोडलेला येत असेल तर अख्खा आर्म घ्या, हिशोब बरोबर बसतो, मजुरी एकदाच लागते. आर्म वाकलेला असेल किंवा गंजून पातळ झाला असेल तरी अख्खाच. बॉल जॉइंट चांगला आहे आणि आर्म सरळ आहे तर नुसते बुश टाकायला काहीच हरकत नाही, पण मग प्रेस असलेलं गॅरेज हवं. छन्नी-हातोड्यानं बुश काढून हातोड्यानंच नवीन ठोकणारे अजून आहेत, त्यात बाहेरची नळी वाकडी होते, रबराची चिकट सुटते आणि नवा बुश बसवतानाच अर्धा मेलेला असतो. जुना बुश गॅसनं जाळून काढणंही टाळा, आर्मचा रंग जळतो आणि मग तिथून गंज धरतो. अ‍ॅल्युमिनियमच्या आर्मला तर आग लावायचीच नाही.

कंपनीचा ओरिजनल, बाजारातला लोकल आणि पॉली, यातलं काय घ्यावं?

रोजच्या वापराच्या गाडीला माझं सरळ मत: कंपनीचा ओरिजनल, किंवा जे कंपन्यांना पुरवठा करतात त्यांचा. जर्मन गाड्यांना लेमफोर्डरचे पार्ट मिळतात, शिवाय बाजारासाठी बनवणाऱ्या मेयलेचेही, मेयलेचे काही बुश मुद्दाम जास्त भक्कम केलेले असतात. मारुती, ह्युंदाईला तर ओरिजनल सहज मिळतो आणि फार महागही नसतो.

लोकलमध्ये सगळंच वाईट असतं असं नाही. पण रबराचा कस हाताला लावून कळत नाही, नवा असताना सगळाच काळा आणि चकचकीत. भंगार रबर जास्त मिसळलेला बुश एक उन्हाळा काढतो आणि कडक पडतो. बुशची किंमत काही शे रुपयांत आणि काढ-घालीची मजुरी स्वस्त पार्टलाही तेवढीच, महाग पार्टलाही तेवढीच. मग दोनदा मजुरी कशाला द्यायची? पार्ट स्वतः दुकानातून आणला तर खोक्यावरचा पार्ट नंबर, सील आणि बिल बघून घ्या, नामांकित कंपन्यांच्या खोक्यांची नक्कल होते.

पॉलीयुरेथेन बुश म्हणजे काय, त्यानं गाडी खरंच सुधारते का?

पॉली हे रबरासारखं लवचिक पण जास्त कडक प्लास्टिक समजा. कडकपणा मोजायला शोअर ए नावाचं माप असतं, त्यात कंपनीचे रबर बुश साधारण ५० ते ७० मध्ये असतात आणि पॉली बुश बहुतेक ८० ते ९५ मध्ये. इंग्लंडची पॉवरफ्लेक्स, ऑस्ट्रेलियाची सुपरप्रो, अमेरिकेची एनर्जी सस्पेन्शन ही यातली जुनी नावं. तेल-ग्रीसचा त्याच्यावर परिणाम कमी होतो, आकार जास्त दिवस टिकतो, स्टीअरिंग फिरवलं की गाडी लगेच वळते, ब्रेकला चाक कमी सरकतं. जोरात वळणं घेणाऱ्याला फरक पहिल्याच दिवशी कळतो.

पण ते मिळतं कशाच्या बदल्यात ते पण ऐका. रस्त्याची प्रत्येक बारीक खरखर आत येते. आणि मुख्य म्हणजे पॉली नळीला चिकटवलेलं नसतं, बहुतेक डिझाइनमध्ये आतली नळी पॉलीच्या आत फिरते. म्हणजे इथं घर्षण आलं, ग्रीस आलं, आणि ग्रीस सुकलं की चुंई-चुंई आवाज आला. आपल्याकडची धूळ आणि पावसाळ्यातला काळा चिखल आत गेला की तो अजून लवकर येतो. दर काही महिन्यांनी काढून ग्रीस भरायची तयारी हवी आणि ग्रीसही त्या कंपनीनं सांगितलेलंच.

शिवाय सगळ्या जागी पॉली चालत नाही. जो बुश एकाच दिशेत फिरतो तिथं ते चांगलं काम करतं. पण स्विफ्ट, आय२० सारख्या गाड्यांचा मागचा टॉर्शन बीम अ‍ॅक्सल (दोन्ही मागची चाकं जोडणारा, पिळला जाणारा आडवा बीम) किंवा काही ट्रेलिंग आर्म (मागच्या चाकाला पुढून धरणारे आर्म) एकाच वेळी फिरतात, वाकतात आणि पिळले जातात, तिथं कडक पॉली हालचाल अडवतं आणि तो ताण मग ब्रॅकेटवर, वेल्डिंगवर जातो. म्हणून "सगळीकडं पॉली टाका, आयुष्यभर बघायला नको" असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका.

मग पॉली कुणी टाकावं?

ज्यांना स्टॅबिलायझर बार थोडा घट्ट हवाय त्यांनी तिथले डी-बुश आणि लिंकचे बुश पॉलीचे करून बघावेत, खर्च कमी, फरक जाणवण्यासारखा, आणि राइड फार कडक होत नाही, मला हा सगळ्यात शहाणा अपग्रेड वाटतो. थार, जिम्नी, स्कॉर्पिओ घेऊन खरोखर डोंगरात जाणारे, ट्रॅकवर चालवणारे, त्यांनी पूर्ण सेटचा विचार करावा. आई-वडिलांना महिन्याला अक्कलकोट-गाणगापूर करवणाऱ्या गाडीला नवीन ओरिजनल रबरच टाका. दहा वर्षांच्या गाडीत नवे ओरिजनल बुश टाकले तरी ती इतकी बदलते की लोकांना वाटतं शॉकअप पण बदलले. तोही अपग्रेडच आहे.

नवीन बुश टाकले आणि वर्षाच्या आत परत फाटले. पार्ट डुप्लिकेट निघाला का?

असू शकतो. पण त्याआधी मिस्त्रीला विचारा, बोल्ट शेवटचे आवळले तेव्हा गाडी कुठं होती? लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना, की चाकांवर उभी?

वर सांगितलं ना, रबर दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं आणि बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर पक्की होते. आता गाडी लिफ्टवर आहे, चाक खाली लोंबतंय, आर्म खाली झुकलाय. त्याच अवस्थेत बोल्ट फुल टाइट केला तर रबराच्या दृष्टीनं ती लोंबकळणारी अवस्था म्हणजे आरामाची जागा झाली. गाडी खाली आणली की गाडीच्या वजनानं आर्म वर येतो आणि रबर ओला टॉवेल पिळून धरावा तसं कायमचं पिळलेलं राहतं. गाडी पार्किंगमध्ये उभी असली तरी ते पिळलेलंच. वरून खड्डा आला की अजून पिळलं जातं, आणि मग ओरिजनल असो की इम्पोर्टेड, ते फाटणारच. गाडी थोडी उचललेली दिसते, कडक लागते, आणि मालक म्हणतो नवीन बुश आहेत म्हणून कडक असतील.

बरोबर पद्धत अशी: बोल्ट आधी हातानं, फक्त टेकेपर्यंत लावायचे. मग गाडी चाकांवर आणायची, खड्ड्यावर किंवा चालवत चढवायच्या रॅम्पवर, एकदोनदा बॉनेट दाबून, पुढं-मागं ढकलून सस्पेन्शन बसू द्यायचं आणि मग टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) कंपनीच्या आकड्याला आवळायचं. दोन खांबी लिफ्टच असेल तर लोअर आर्मच्या खाली, बॉल जॉइंटच्या जवळ, जॅक लावून आर्म गाडी उभी असताना जिथं असतो तिथपर्यंत उचलायचा आणि मग आवळायचा. आधीच चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं माप घेऊन ठेवलं तर नक्की किती उचलायचं ते कळतं. काही गाड्यांत मागचा बुश उभ्या बोल्टवर असतो, त्याला हे एवढं लागू होत नाही, पण आडव्या बोल्टच्या बुशला होतंच. हेच मागच्या अ‍ॅक्सलच्या बुशला आणि पाट्यांच्या रबर बुशलाही लागू. पॉलीत आतली नळी फिरत असल्यानं त्याला याची अडचण नसते.

पंधरा मिनिटं जास्त लागतात, बस. गाडी देतानाच मिस्त्रीला सांगा, "बुशचे बोल्ट गाडी खाली घेऊनच आवळा, मी थांबतो." राग मानणार नाहीत, उलट गिऱ्हाईकाला कळतंय म्हटल्यावर काम नीट होतं. याशिवाय चिरावाला बुश असेल तर जुना काढायच्या आधी आर्मवर रंगानं खूण करून घ्यायला सांगा, चिरा कुठल्या दिशेला होत्या ते महत्त्वाचं असतं, ९० अंशात फिरवून बसवला तर मऊ बाजू कडक होते आणि कडक बाजू मऊ. प्रेस करताना दाब बाहेरच्या नळीवर यायला हवा, आतल्या नळीवर नाही. आणि बुश सरकावा म्हणून ऑइल लावू देऊ नका, साबणाचं पाणी पुरतं.

एकाच बाजूचा गेलाय, एकच बदलला तर?

जोडीनं बदला. एक बाजू नवी घट्ट आणि एक जुनी ढिली ठेवली तर गाडी ओढतच राहते.

बुश बदलल्यावर अलाइनमेंट करावंच लागतं का?

लोअर आर्म सुटला की करावंच. डी-बुश, लिंक रॉड किंवा शॉकअपचे खालचे बुश बदलले असतील तर गरज नाही. एक-दोन दिवस गाडी चालवून मग केलं तर जास्त चांगलं, सगळं बसलेलं असतं. टो तर सेट होतोच, पण कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक किती कललंय) आणि कॅस्टर (बाजूनं बघितलं तर स्टीअरिंगचा अक्ष किती कललाय) यांचे आकडे पण प्रिंटवर बघा, नवीन बुश टाकूनही एका बाजूचा आकडा खूप वेगळा येत असेल तर आर्म किंवा सबफ्रेम वाकलेली असू शकते.

आवाज येतो म्हणून बुशवर ऑइल, डिझेल किंवा ग्रीस मारलं तर चालतं का?

नको. नैसर्गिक रबर पेट्रोलियमच्या तेलानं फुगतं, मऊ पडतं आणि मग सालपटं निघतात. सर्व्हिसिंगला खालून डिझेल मारून धुणं यासाठीच वाईट, गाडी खालून चकचकीत दिसते आणि सगळी रबरं त्यात भिजतात. इंजिन ऑइल किंवा स्टीअरिंगचं ऑइल बुशवर गळत असेल तर आधी ते गळणं बंद करा, मग बुश टाका. सुकलेल्या डी-बुशला सिलिकॉन स्प्रे मारला तर आवाज काही दिवस बंद होतो आणि आवाज तिथलाच आहे याची खात्रीही होते. आर्मच्या चिकटवलेल्या बुशला मात्र कसलाच स्प्रे उपयोगाचा नाही, तिथं घासण्यासारखं काही नसतंच, आवाज येतोय म्हणजे फाटलाय.

बोलेरो, सुमो, पिकअपसारख्या पाटेवाल्या गाड्यांचं काय?

पाट्यांच्या डोळ्यातला आणि शॅकलचा बुश गेला की मागचा अ‍ॅक्सल तिरका चालतो, मागून बघणाऱ्याला गाडी वाकडी जाताना दिसते. शेतमाल, कांद्याच्या पिशव्या वाहणाऱ्या पिकअपला हे हटकून होतं. बुश बदलताना शॅकलच्या पिना पण बघा, त्या झिजून पायरी पडली असेल तर नवीन बुश त्यांच्यावर टिकत नाही. सोबत पाटे अ‍ॅक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट परत आवळून घ्या.

वॉरंटीतल्या गाडीला पॉली टाकलं तर?

वॉरंटी असेपर्यंत नका टाकू. सस्पेन्शनचा पुढचा कुठलाही क्लेम कंपनी नाकारू शकते. उलट वॉरंटीतच आवाज यायला लागला असेल तर लेखी तक्रार नोंदवा, जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला शेजारी बसवून तोच रस्ता फिरवून आणा. "साहेब, नॉर्मल आहे" या उत्तरावर सही करून गाडी परत आणू नका.

जुनी गाडी घेताना बुश कसे बघायचे?

विकणारा गाडी पॉलिश करतो, सीट कव्हर टाकतो, बुश कुणी बदलत नाही. आधी टायरची आतली कडा हातानं चाचपा, स्टीअरिंग पूर्ण फिरवलं की पुढच्या टायरची कडा दिसते. चार टायर एकदम नवेकोरे असतील तर जुने का बदलले ते विचारा. मग काचा वर, एसी आणि टेप बंद, आणि गाडी चांगल्या रस्त्यावर न नेता एखाद्या उखडलेल्या गल्लीतून पंधरा-वीसच्या स्पीडला न्या. नंतर मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागं कुणी नाही बघून, स्टीअरिंग हलकं धरून ब्रेक दाबा आणि गाडी ओढते का बघा. बुश गेलेले निघाले म्हणून गाडी सोडून देऊ नका, इंजिन आणि चेसिस चांगली असेल तर हा दुरुस्त होणारा खर्च आहे. दोन्ही आर्मचे बुश, लिंक रॉड, डी-बुश, मजुरी आणि अलाइनमेंट यांचा अंदाज आपल्या मिस्त्रीकडून आधी कागदावर घ्या आणि तो कागद समोर ठेवून भाव करा.